गच्चीवरचा मावा

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. बदनापूर.
काल जालन्यात डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आज पट्टी सोडली. थेंब दोन प्रकारचे. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, जिना चढायचा नाही. दुपारी सुगंधा तीर्थपुरीहून आली. सोबत घरची तूरडाळ आणि शेंगा. सिलिंडर आला. गच्चीवरचे ट्रे काल निघण्यापूर्वी भरले होते, ते पाणी पुरावं. अक्षर ओळीवरून घसरतं आहे.

एवढं लिहून वंदनाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि लगेच काढलं. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते आठवेना. काळा चष्मा वर सरकवून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. घरामागच्या वावरात करडई फुलली होती. तिचा पिवळा रंग इतका लख्ख दिसत होता, की हे आपल्याच मागचं वावर का, असा प्रश्न त्यांना पडला. परवापर्यंत ते मळक्या चादरीसारखं दिसायचं. मग गेल्या काही महिन्यांत आपण आणखी काय काय पाहिलंच नाही? हा विचार एकदा आला तो हटेना. त्या उठल्या, स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, जिन्याकडे बघून परत आल्या आणि बसल्या.

वंदनाबाई मूळच्या अंबड तालुक्यातल्या, शेतकरी घरातल्या. वडिलांनी मुलीला शिकवायचं मनावर घेतलं आणि जालन्याला सिस्टरांच्या शाळेत, त्यांच्याच वसतिगृहात ठेवलं. तिथे संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर प्रत्येक मुलीने दिवसभराचं चार ओळींत लिहायचं, अशी शिस्त होती. बाकीच्या मुलींची ती सवय शाळेबरोबर सुटली. वंदनाबाईंची सासरी आली. लग्नाच्या रात्री त्यांनी लिहिलं होतं, ‘पंगती उशिरा उठल्या, मठ्ठा कमी पडला.’ चार वर्षांपूर्वी रामराव गेले, त्या दिवशीची ओळ होती, ‘आज हे गेले. दूधवाल्याला सांगायचं राहिलं.’ मनात काय झालं ते त्यांच्या वहीत कधी येत नसे. घरात काय झालं तेवढंच येई.

रामराव शेती खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या पिकांवर बोलले. सासरची शेती धाकट्या दिरांनी आणि जाऊ सुगंधाबाईंनी कसली. वंदनाबाईंनी मात्र कधी काही उगवलं नाही. घरात तुळस होती, तीही रामरावांच्या हातची. ते गेल्यावर पुण्याच्या नातीने, आकांक्षाने, एका पाकिटात खसखशीएवढं काळं बी पाठवलं. ‘आजी, हे व्हीनस फ्लायट्रॅप. किडे खाणारं झाड. तुला जमेल, कारण तुला धीर आहे.’ धीर कुठला, वंदनाबाईंना एका जागी बसवत नसे. पण शिस्त होती. धुतलेलं कोकोपीट, वाळू, उथळ ट्रे, आणि पाणी फक्त पावसाचं. बदनापूरच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे थर चढतात, ते या रोपांना विष. म्हणून गच्चीवर निळा ड्रम आला आणि पावसाळ्यात तो भरून झाकून ठेवायची रीत पडली. हिवाळ्यात रोपांना विश्रांती हवी म्हणून रोपांच्या वाट्या फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात गेल्या. असं करत तीन वर्षं झाली. रोपं अजून रुपयाच्या नाण्याएवढी, जबडे बाजरीच्या दाण्याएवढे. पण ती त्यांनी स्वतः बियांपासून वाढवलेली होती. ती गेली तर पुन्हा बी, पुन्हा तीन वर्षं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती वर्षं कुणी राखून ठेवलेली नसतात, हे त्यांना न लिहिताही माहीत होतं.

बुधवारी सकाळी सुगंधाबाई गच्चीवरून खाली आल्या, त्या पदराला हात पुसतच.

“अक्का, तुमच्या त्या झाडायला मावा पडलाय.”

“कोणत्या झाडांना?”

“वरच्या. त्या जबडेवाल्या.”

“तू गच्चीवर गेलीस कशाला?”

“गोधडी वाळू घालाया गेल्ते. मुंग्यायची रांग दिसली, ट्रेवर चढून राह्यलेली. मावा असल्याबिगर मुंगीचं तिथं काय काम?”

“आणि माव्याचं तिथे काय काम? किडे खाणारी झाडं आहेत ती.”

“खात्यात ना? मंग खाल्ला का न्हाई?” सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “माशीला डोळे वटारत्यात आन् माव्यापुढं हात जोडत्यात! मी म्हनते, तुमी सोमवारी अंडं शिवत न्हाई, आन् पोरं अशी पाळली मासाहारी, तीबी बिनकामाची.”

एरवी वंदनाबाई हसल्या असत्या. आता त्यांनी फक्त हात पुढे केला. “एक वाटी खाली आण. आडवी करू नकोस. झाडाला बोट लावू नकोस.”

वाटी आली. वंदनाबाईंनी खिडकीपाशी बसून भिंग धरलं. जवळचं अजून धूसर दिसत होतं, पण भिंगातून रोपाचा गाभा उघडा पडला. मधली नवी पानं आखडून वाकडी झाली होती, जबड्यांची तोंडं एका बाजूला कलली होती. आणि गाभ्यात, जिथे जबडा अजून उमलायचा होता, तिथे हिरवट दाणे चिकटले होते. एक दाणा पाय हलवत पुढे सरकला. गेल्या आठवड्यात त्यांनी हेच दाणे पाहिले होते. नवे कोंब आले म्हणून त्या दिवशी वहीत नोंदही केली होती.

“करडईवरून आलाय,” सुगंधाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “फुलावर आली का करडई माव्यानं भरून जाती. पंख फुटले का उडतोय. आज मारला तर मरंल, उद्या दुप्पट.”

उपाय वंदनाबाईंना ठाऊक होता. रोप वाटीसकट दीड-दोन दिवस पावसाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायचं. मावा गुदमरून सुटतो, रोपाला काही होत नाही. मागच्या वर्षी एका वाटीला त्यांनी तेच केलं होतं. पण आता वाट्या सगळ्या. त्या उचलायच्या, गाभा न हलवता पाण्यात उतरवायच्या, आणि सगळं सुगंधाच्या हातून? गोणी खांद्यावर मारणारे, तुराट्या मोडणारे ते हात. वंदनाबाईंनी वाटी जपून टेबलावर ठेवली.

“सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. त्यांनी जिना चढायला हो म्हटलं, की मी बघीन.”

“सोमवार? अक्का, मावा काय तारीख घेऊन येतोय का?”

“सुगंधा, झाडांना हात लावायचा नाही. ऐकलंस?”

“ऐकलं बाई. कानाचं ऑपरेशन न्हाई झालेलं माझ्या.”

तो दिवस दोघींनाही नीट गेला नाही. वंदनाबाई थेंब घालून घ्यायच्या, डोळे मिटून पडायच्या आणि मिटल्या डोळ्यांपुढे ते दाणे चालायचे. उठून बसायच्या. पंखा लावायच्या, बंद करायच्या. सुगंधाबाईंना दुसरीच तळमळ. आयुष्यभर कापूस केलेली बाई. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचे ते गडी, पण पंपात कालवून द्यायचं काम त्यांचं. पाण्याच्या पिंपापाशी बसून औषध किती, खत किती, चिकटायला काय, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. मावा पडलेल्या उभ्या पिकाशेजारी नुसतं बसून राहायचं त्यांच्या अंगात नव्हतं. शेंगा फोडताना त्यांनी दोनदा टरफलं ताटात आणि दाणे केराच्या डब्यात टाकले.

गुरुवारी त्यांचा मुलगा भारत मोटारसायकलवरून जालन्याला जाता जाता थांबला. काकूचा डोळा कसा आहे विचारलं, चहा घेतला, आईच्या हातात एक छोटी पिशवी दिली. “हे काय गं?” वंदनाबाईंनी विचारलं. “माझ्या गुडघ्याचं,” सुगंधाबाई म्हणाल्या. भारतने मान खाली घालून चहाची बशी टेबलावर ठेवली आणि निघाला.

दुपारच्या थेंबांनंतर वंदनाबाई पडल्या होत्या. वरून आवाज आला, फस्, फस्, थांबून परत फस्. त्यांना आधी वाटलं, सुगंधा कपड्यांना इस्त्री करतेय की काय. मग वास आला. गोडसर, डोक्यात चढणारा. सासरी गेलं की बांधावरून यायचा तो वास. त्या ताडकन उठून बसल्या.

सुगंधाबाई जिना उतरत होत्या. हातात रोपांवर पाणी शिंपडायची बाटली.

“काय मारलंस?”

“माव्याचं. बिलकुल हलकं, कापसाला मारतो त्याच्या निम्मंबी न्हाई.”

“नुसतं औषध?”

“नुसतं कशाला मारीन?” सुगंधाबाईंच्या आवाजात अजून समाधान होतं. “चिमूटभर एकोणीस-एकोणीस खत टाकलं. तुमच्या झाडायला अंगच न्हाई, म्हनलं बाळसं धरत्याल. आन् चिटकून राहावं म्हनून धुण्याची पावडर, नखावर बसंल इतकी. एका पंपात तीन कामं. दरसाल तेच करतो आमी.”

वंदनाबाई सरळ जिन्यापाशी गेल्या. जिना लोखंडी, उभा, एका बाजूला कठडा नसलेला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच सुगंधाबाईंनी मनगट धरलं.

“डोळा जाईल, अक्का. शिव्या द्यायच्या तर द्या, पन वर चढू नका.”

“सोड.”

“न्हाई सोडत.”

“मला शिव्या येत नाहीत, सुगंधा, नाहीतर दिल्या असत्या.”

“सिस्टरांनी तेवढंच न्हाई शिकवलं व्हय,” सुगंधाबाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. “काय झालं ते तरी सांगा.”

वंदनाबाई पायरीवरच बसल्या. “औषधाने एवढं बिघडलं नसतं. खताने आणि पावडरीने बिघडलं. ही झाडं दलदलीतली. तिथल्या जमिनीत काही म्हणता काही नसतं, म्हणून तर ती किडे धरून खातात. त्यांची मुळं फक्त पाणी पितात. मुळाला खत दिलं, की जळतात.”

“खतानं जळत्यात?”

“हो.”

सुगंधाबाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग ती लांब, जिन्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली, जणू तीच जळत होती. त्या म्हणाल्या, “मंग सांगितलं का न्हाई? हात लावू नको म्हनलात. का लावू नको, ते न्हाई म्हनलात. लेकराला सांगावं तसं सांगितलं. मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनीच लहान हाय.”

वंदनाबाईंनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आता सांगते,” त्या म्हणाल्या. “आणि तुलाच करावं लागणार आहे.”

मग त्या जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या आणि सुगंधाबाई वर गेल्या. आधी तांब्या घ्यायचा. ड्रमचं पाणी प्रत्येक वाटीत हळूच ओतायचं, खालून निथळू द्यायचं, परत ओतायचं. निथळलेलं ट्रेमध्ये साठू द्यायचं नाही.

“किती वेळा?” वरून आवाज आला.

“फेस यायचा थांबेपर्यंत!”

“फेस कुठं, मी इतकुशी तर टाकल्ती!”

“मग येतोय की नाही?”

“येतोय,” वरून हळू आवाजात उत्तर आलं.

शेजारच्या गच्चीवर पापड उलटणाऱ्या गोजरबाई कठड्यापाशी आल्या. “काय हो सुगंधाबाई, कुणाला अंघोळ?”

“अक्काच्या नातवंडायला!” सुगंधाबाई ओरडल्या. “तोंडात साबण गेलाय!”

फेस थांबला तेव्हा ड्रमही तळाशी आला होता. आता बुडवायचं होतं, आणि तिथे सुगंधाबाई अडल्या. घरातली मोठी परात, कणीक मळायची नव्हे, लग्नाकार्यातली, दोन टब, खोलगट पातेलं, सगळं त्यांनी वर नेलं. पण वाटी हातात घेऊन त्या पुन्हा जिन्याच्या तोंडाशी आल्या.

“पूर्ण? बोडक्यावरून पानी?”

“पूर्ण. पान दिसता कामा नये.”

“अक्का, कापसात दोन दिस पानी थांबलं तर उभं पीक पिवळं पडतंय. मुळं सडत्यात. मी डोळ्यानं बघितलंय. तुमी रागात तर न्हाई ना म्हनत? मेली तर मरू द्या म्हनून?”

“रागात आहे,” वंदनाबाई म्हणाल्या. “पण बुडव. कापूस कोरड्यातला, हे दलदलीतलं. मी मागच्या वर्षी बुडवलं होतं.”

सुगंधाबाई वाटी घेऊन परत वळल्या. मग पाण्यात काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज. आणखी एक. वंदनाबाई आवाजावरून ओळखत होत्या, वाटी आडवी झाली का, तरंगली का. “वर मच्छरदाणीचा तुकडा टाक, कडेला दगड ठेव. कोकोपीट वर येईल नाहीतर.” ड्रमचं पाणी संपलं. फिल्टरच्या पाण्यात बोअरचे क्षार नसतात, ते या रोपांना चालणार होतं. रोज एक जार टाकणाऱ्या फिल्टरवाल्याला फोन करून आणखी तीन मागवले. त्याने विचारलं, घरात कार्यक्रम आहे का. जार सुगंधाबाईंनीच वर नेले, एकेक पायरीवर टेकवत, गुडघ्याच्या नावाने खरोखर कण्हत.

शुक्रवारभर पाणी तसंच. सुगंधाबाई तासातासाला वर जाऊन यायच्या. “मावा वर आलाय तरंगून, राळ्याच्या दाण्यासारखा,” त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा सैल झाला होता. शनिवारी सकाळी वाट्या बाहेर निघाल्या, सावलीत जाळीखाली गेल्या. मावा गेला होता. पण त्याच दुपारपासून पानांच्या कडा काळ्या पडायला लागल्या.

भारतचा फोन येत होता. हरभरा काढायला आलाय, मजूर मिळेनात, आई कधी येतेस? “येते, येते,” म्हणून सुगंधाबाई फोन ठेवायच्या आणि जायचं नाव काढायच्या नाहीत. वर जाऊन खाली आल्या की वंदनाबाई विचारायच्या, “कशी आहेत?” आधी उत्तर लांबलचक असायचं, ह्याचं एक पान गेलं, त्याचं दुसरं. रविवारी ते आखूड झालं. “हायेत,” एवढंच. तो शब्द वंदनाबाईंनी दिवसभर उलटासुलटा करून पाहिला. जेवताना भाकरी तुकडे करून ताटात तशीच राहिली.

“खा ना, अक्का.”

“खरं सांग, किती गेली?”

सुगंधाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. “सोमवारी तुमीच बघा. माझ्या तोंडानं न्हाई येत.”

सोमवारी डॉक्टरांनी डोळा तपासला, बरा आहे म्हणाले. जिन्याबद्दल वंदनाबाईंनी इतक्या घाईने विचारलं, की ते हसले. कुणीतरी सोबत असेल तर सावकाश चढा, वाकू मात्र नका, म्हणाले. घरी आल्यावर पातळ न बदलता त्या जिन्याला लागल्या. सुगंधाबाई मागून, दोन्ही हात त्यांच्या कमरेमागे धरून, न टेकवता.

उन्हाच्या बाजूचा ट्रे काळा पडला होता. सगळ्या वाट्यांमध्ये जळक्या वातीसारखं काहीतरी आडवं पडलेलं. भिंतीकडच्या ट्रेमध्येही बरीच गेली होती. मधूनमधून एखाद्या गाभ्यात टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं दिसत होतं. वंदनाबाईंना आता स्वच्छ दिसत होतं, फार स्वच्छ. एवढं स्वच्छ दिसायला याच आठवड्यात लागावं, याचा त्यांना राग आला.

“काळा ट्रे मी काल फेकाया काढल्ता,” सुगंधाबाई म्हणाल्या. “तुमी बघायच्या आधी. मंग वाटलं, ही बाई मोजल्याबिगर ऱ्हायची न्हाई.”

“फेकला नाहीस ना?”

“हाय तिथंच हाय.”

“एक वाटी वर धर. माझ्या तोंडासमोर. मला वाकता येत नाही.”

सुगंधाबाईंनी वाटी दोन्ही तळव्यांवर उचलून धरली. वंदनाबाईंनी पर्समधून हेअरपिन काढली आणि काळ्या पानांच्या बुडाशी कोकोपीट हलक्या हाताने बाजूला केलं. पहिल्या वाटीतलं खोड तपकिरी होतं, पिनेने दाबताच मऊ लागलं. दुसरीतही तसंच. तिसरीत खाली पांढरं दिसलं, लसणाच्या बारीक पाकळीसारखं. त्यांनी पिनेचं टोक टेकवलं. टणक होतं.

“हे जिवंत आहे.”

“वर तर काईच न्हाई.”

“वर येईल. महिना लागेल, दोन लागतील. कदाचित नाही येणार. पण हे जिवंत आहे.”

सुगंधाबाईंनी वाटी उन्हापासून वळवून धरली. मग त्यांनी वंदनाबाईंच्या हातातली पिन मागितली. “तुमी बसा त्या बादलीवर. मी उकरते, तुमी बघा. पांढरं दिसलं तर इकडं, मऊ लागलं तर तिकडं. बराबर?”

“बरोबर. हळू.”

“हळूच करून राह्यले, अक्का.”

ऊन जाळीवरून सरकेपर्यंत त्या दोघी तेच करत बसल्या. तिकडच्या बाजूला वाट्या जास्त गेल्या, इकडे कमी. एक वाटी कुठे ठेवावी यावर वाद झाला. सुगंधाबाई म्हणत होत्या मऊ आहे, वंदनाबाई म्हणत होत्या नुसती साल मऊ आहे. शेवटी ती इकडे राहिली. मागच्या वावरात करडई तशीच पिवळी उभी होती, आणि वाऱ्याबरोबर तिकडून काय काय उडत येत असेल, या विचाराने वंदनाबाईंचा हात अधूनमधून जाळीचं टोक ओढून घट्ट करत होता.

“भारतला सांगू का, मला परवा न्यायला ये?” सुगंधाबाईंनी उठता उठता विचारलं.

“हरभरा कधी होईल तुमचा?”

“आठ-धा दिस.”

“मग काढून घे आणि परत ये. मार्चमध्ये दुसरा डोळा आहे.” वंदनाबाई जिन्याकडे वळल्या. “आणि येताना काही कालवून आणू नकोस.”

“आनते की,” सुगंधाबाई मागून म्हणाल्या. “शेंगदाण्याचा कूट.”

संध्याकाळी वंदनाबाईंनी वही उघडली. अक्षर आता ओळीवर होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहिलं, थेंब किती दिवस ते लिहिलं. मग थांबल्या, पेन टोपणात घातलं, परत काढलं, आणि शेवटची ओळ लिहिली:

‘पावसाच्या पाण्याचा ड्रम घासून गच्चीवर पालथा घातला. उद्यापासून जार दोन.’